डाव्या कुशीवर

पिशवी खाली पडली तेव्हा रीनाला कळलं, की भिंतीत खिळा नाही.

तिने वर पाहिलेलंच नव्हतं. या घरात पिशवी अडकवताना वर पाहावं लागत नसे. मागच्या फाटकाची कडी जरा अडते म्हणून फाटक आधी आपल्याकडे ओढायचं, मग आत ढकलायचं, मोरीला वळसा घालायचा आणि खांद्यावरची पिशवी भिंतीच्या अंगाला सोडून द्यायची. खिळा तिथे असायचाच. आज पिशवी भिंतीला घासत सरळ खाली गेली, डबा फरशीवर आपटला, आणि त्याचं झाकण निसटून गोल फिरत मोरीच्या तोंडाशी जाऊन आडवं झालं. भिंत पिस्ता रंगाची झाली होती. खिळ्याच्या जागी पुट्टीचा एक गुळगुळीत ठिपका होता, रंगाखालूनही ओळखू येईल असा. रीना त्या ठिपक्याकडे बघत उभी राहिली. आणि मग हळूहळू तिच्या ध्यानात येत गेलं, की आपण पठाणपुऱ्यात आहोत, आपल्याला नव्या कामावर बाबुपेठला जायचं होतं, आणि ज्या म्हातारीसाठी आपण रोज या फाटकातून आत यायचो त्या भागीरथाबाईंना जाऊन आता महिना होत आला.

आवाज ऐकून नीलिमाताई बाहेर आल्या. भागीरथाबाईंची सून, केस नुकतेच धुतलेले, खांद्यावर टॉवेल. त्या दचकल्या नाहीत, नुसत्या थांबल्या. "रीना? काऊन वं, काई राह्यलं होतं का तुयं इथी?" त्यांनी विचारलं. प्रश्न साधा होता, पण रीनाने खरोखरच इकडेतिकडे पाहिलं, काही राहिलं असेल तर ते दिसेल म्हणून. "नाई ताई. सहज आली होती," ती म्हणाली. सकाळच्या वेळी, डबा घेऊन, मागच्या दाराने कुणी सहज येत नाही, हे दोघींनाही माहीत होतं. नीलिमाताई मग भरभर बोलू लागल्या. तेरवी चांगली झाली, घुग्घुसकडची माणसंसुद्धा आली, तुला बोलवायचं मनात होतं पण तुझा नंबर त्या ब्यूरोवाल्या मॅडमकडे आणि त्या फोन उचलत नव्हत्या. मग रंगाचं काम काढलं. खाट भाड्याची होती, ती परत केली. चहा घेतेस का, असंही त्यांनी विचारलं, आणि रीनाची नजर खिडकीच्या फळीवर गेली. तिथे तिचा वेगळा कप असे, कान तुटलेला. आता तिथे काचेच्या बाटलीत मनीप्लांट होता. उशीर होतो म्हणून ती निघाली. निघताना उघड्या दारातून खोली दिसली. इतकी मोठी होती का ही खोली? फरशी वर्षानुवर्षं पुसून फिकट झाली होती आणि खाटेच्या पायांखालचे गोल तेवढे मूळ रंगाचे राहिले होते. त्या गोलांमध्ये काहीच नव्हतं.

बाबुपेठकडे जाणाऱ्या ऑटोत तिला आठवेना, की मघाशी आपण उतरलो कसे. जटपुरा गेटातून ऑटो आत शिरला तेव्हा कमानीखालची गार सावली अंगावरून गेली, तेवढं आठवत होतं. त्यानंतर एकदम पिशवी पडल्याचा आवाज. काल ती बाबुपेठलाच उतरली होती, परवाही. मग आजच काय झालं? झोप झाली होती. ताप नव्हता. कुणाशी बोलाचालीही झाली नव्हती. चुकीला कारण सापडलं असतं तर ती चूक बाजूला ठेवता आली असती. आणि तिला भीती वाटली ती चूक झाल्याची नव्हे. चूक होत असताना अंगाला किती बरं वाटत होतं याची. ते फाटक आधी ओढून मग ढकलताना तिच्यात कुठेही अडखळ नव्हती. बाबुपेठच्या घरात मात्र ती रोज अडखळत शिरत होती, उंबरा जरा उंच असल्यासारखी. आणि तो उंच नव्हता.

म्हातारीची आठवण येते का, असं कुणी विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती. आठवण येण्यासारखं दोघींत काही बोलणंच झालेलं नव्हतं. रीना त्या घरी गेली तेव्हाच भागीरथाबाईंचं उजवं अंग लुळं पडलेलं होतं आणि वाचा गेलेली होती. चेहऱ्याचा अर्धाच भाग हलायचा, त्यामुळे त्या हसतात की त्यांना काही दुखतं आहे हे नुसतं बघून सांगता यायचं नाही. डाव्या हाताच्या बोटात तांब्याची अंगठी होती. काही हवं असलं की ती अंगठी त्या खाटेच्या लोखंडी कठड्यावर आपटायच्या. जेवण झाल्यावर टकटक केली, म्हणजे आता मला आडवं कर. मग रीना खाटेच्या पायथ्याशी जाऊन हँडल फिरवायची, डोक्याकडची बाजू खाली यायची. उशा काढायच्या, उजव्या कुल्ल्यावर जखम होती म्हणून डाव्या कुशीवर वळवायचं, दोन गुडघ्यांच्या मध्ये चादरीची गुंडाळी द्यायची. पुन्हा टकटक झाली, म्हणजे आता पुरे, मला परत सरळ कर. त्या दोन टकटकींच्या मध्ये रीनाचं जेवण. ते कधी सलग झालं नाही. भाताचा घास हातात असतानाच कठडा वाजायचा, की हात धुवा, वळवा, पुसा, आणि परत येईस्तोवर भाताला वाळलेपणा आलेला. कधीकधी तिला वाटे, म्हातारी मुद्दाम करते. कधी वाटे, एकटं वाटतं तिला. यातलं खरं कोणतं, हे शेवटपर्यंत कळलं नाही, आणि आता कळण्याची सोयही राहिली नव्हती.

त्या दिवशी दुसरी टकटक झालीच नाही. रीनाने पहिल्यांदा सगळा डबा सलग खाल्ला. बरबटीची, म्हणजे चवळीच्या शेंगांची, भाजी होती. तिने ती सावकाश खाल्ली, डब्याच्या कडेला लागलेलं तेलसुद्धा भाकरीने पुसून घेतलं, आणि भिंतीला टेकून बसली. आज छान झोप लागली आहे आजीला, असं तिला वाटलं आणि बरं वाटलं. कूलरचा वारा येत होता. किती वेळ ती तशी बरं वाटत बसली होती, हे नंतर तिला सांगता येईना. डॉक्टर येऊन म्हणाले, झोपेतच गेल्या, काही त्रास झाला नाही. घरच्यांनी ते एकमेकांना सांगितलं आणि त्यांच्या चेहऱ्यांवर थोडा निवांतपणा आला. रीनाला कुणी काही विचारलं नाही. पण तिच्या तोंडात बरबटीची चव होती, आणि ती चव म्हणजे नेमकं काय आहे, हे तिला कुणाला विचारावं कळेना.

आजाऱ्यांकडे बाया पाठवणाऱ्या ब्यूरोच्या चंचल मॅडमचा फोन त्याच संध्याकाळी आला. मॅडम वाईट नव्हत्या. मनाला बरं वाटेल असे दोन शब्द बोलून मगच त्या कामाचं बोलल्या: बाबुपेठला एक बाबा आहेत, दम्यासारखा आजार, ऑक्सिजनवर, मुलगा सिमेंटच्या कारखान्यात, घरी दुसरं कुणी नाही; उद्यापासून जा. शिकवताना त्यांनी सगळ्या मुलींना सांगितलं होतं, की पेशंटमध्ये गुंतायचं नाही. शिकवणी प्लॅस्टिकच्या एका बाहुल्यावर झाली होती. कूस कशी बदलायची, माणूस न उठवता त्याच्याखालची चादर कशी काढायची, भरवताना मान किती वाकवायची. बाहुला हलका होता आणि कुठून कसाही उचलला तरी चालत होतं. खरं माणूस तसं नसतं. खरं माणूस उचलायला शिकावं लागतं आणि ते दुसऱ्याच्या कामाला येत नाही. हिचा खांदा इथून धरायचा, हिची टाच अशी टेकू द्यायची नाही. ते हातांना कळत जातं, डोक्याला कळतच नाही. मग गुंतायचं नाही म्हणजे हातांनी नेमकं काय करायचं, हे मॅडमनी सांगितलं नव्हतं आणि त्या वेळी ते विचारायचं कुणाला सुचलं नाही.

ऑटो खड्ड्यातून गेला. रस्त्याकडेच्या कडुलिंबांवर कोळशाची बारीक काळी पूड बसली होती. तिला का कुणास ठाऊक, जंगू आठवला. जंगू तिच्या गावचा एक म्हातारा; गाव धानोऱ्याच्याही पुढे, बस जिथून परत फिरते तिथून आत रानात. जंगू कुणालाच आवडत नसे. पोरांना दगड मारायचा, बायकांना शिव्या द्यायचा. तो मेला तो ऐन मोहाच्या दिवसांत, पहाटे टोपल्या घेऊन सगळ्या फुलं वेचायला निघायच्या वेळी. रीना लहान होती. तिच्या आईने, रुखमाने, टोपली दारातच पालथी घातली. त्या दिवशी गावातलं कुणीच रानात गेलं नाही. ज्यांचं जंगूशी भांडण होतं तेही गेले नाहीत. मोहाखाली फुलं पडली ती पडून राहिली, उन्हं चढली तशी तापली, फुगली, आणि दुपारपर्यंत त्यांचा आंबूस गोड वास गावभर पसरला, घरात, पाण्यात, अंगावरच्या कपड्यांत. रीनाने आईला गोंडीत विचारलं होतं, तो आपला कोण? आई म्हणाली होती, गावातला. एवढंच. त्यात वाईट वाटण्याचं काही नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं, की तुला वाईट वाटतं आहे का. दिवस थांबला होता आणि सगळे त्याच्यात बसले होते. पुढे कितीतरी दिवस कुणी मेल्याची बातमी आली की रीनाच्या नाकात तो वास यायचा. भागीरथाबाई गेल्या तेव्हा आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाबुपेठला होती.

"आज कोनाच्या बरातीत गेलती?" ती पोचताच बाबुपेठच्या बाबांनी, सोमाजींनी, विचारलं. उशीर झाला होता. त्यांचा मुलगा प्रफुल तिची वाट बघून, मोटारसायकल काढून, घुग्घुसला पाळीवर निघून गेला होता. सोमाजी नेहमीप्रमाणे तसल्याच कठड्याच्या, हँडलच्या खाटेवर लोडाला टेकून बसलेले, नाकात नळी, बाजूला ऑक्सिजनचं मशीन घरघरतं आहे आणि त्याच्या बाटलीत पाणी बुडबुडतं आहे. ते नेहमी बसलेलेच असत. झोपतही बसूनच. आडवं झालं की त्यांचा श्वास संपायचा. उभं आयुष्य कोळशाच्या खाणीत गेलं होतं. ती धूळ एकदा फुप्फुसात बसली की विरघळत नाही, शरीर तिच्याभोवती जाळं विणत जातं आणि ते जाळंच मग आवळत येतं, असं डॉक्टरांनी प्रफुलला समजावलं होतं. सोमाजी ते आपल्या पद्धतीने सांगत. "खान सोडून घरी आलो म्हनलं, त बाई, खानच संग आली." एका दमात त्यांना एवढंच बोलता यायचं. पुढचं वाक्य पुढच्या श्वासाला. त्यामुळे त्यांचं बोलणं तोडून तोडून, पण नेमकं असे, आणि थट्टा करायची असली तर ते तिच्यासाठी श्वास वाचवून ठेवत.

रीना सरळ कामाला लागली. तिने पाणी गरम केलं, त्यांचं अंग पुसलं, नळीने कानामागे पडलेल्या वळाला तेल लावलं, मशीनच्या बाटलीतलं पाणी बदललं. कामात ती कुठेही चुकली नाही आणि त्यानेच ती अस्वस्थ झाली. कारण सकाळीही ती कुठे चुकली नव्हती, फक्त घर दुसरं होतं. दुपारी तिने त्यांना मऊ भात भरवला. हात पुसले. मग खाली बसून आपला डबा उघडला. डब्याला सकाळच्या पडण्याने पोचा आला होता, झाकण पूर्ण बसत नव्हतं. पहिला घास घेतला आणि तिला जेवावंसं वाटेना. ती भिंतीला टेकली. मशीनची घरघर कूलरच्या घरघरीत मिसळली. बाहेर ऊन पांढरं झालं होतं. तिला डुलकी लागली नव्हती असं ती नंतर स्वतःशी म्हणत राहिली; डोळे उघडे होते, समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर दिसत होतं.

कठड्यावर टकटक झाली.

ती उठली. हात धुतले. खाटेजवळ जाऊन पाठीमागचा लोड काढला, उशा काढल्या, आणि पायथ्याशी जाऊन वाकून हँडल फिरवू लागली. डोक्याकडची बाजू खाली येऊ लागली. ते करताना तिच्या छातीत काहीतरी सैल सुटत गेलं, कित्येक दिवस धरून ठेवलेलं. वाजलं, तिला वाटलं. एकदाचं वाजलं. पायथ्याशी वाकलेल्या माणसाला चेहरा दिसत नाही. ती वळून आली, खांद्याखाली हात घातला, डाव्या कुशीवर वळवण्यासाठी. आणि खांदा तो नव्हता. तो रुंद होता, हाडाचा होता, आणि त्याच्या टोकाच्या हाताने तिचं मनगट पकडलेलं होतं. सोमाजींचं तोंड उघडं होतं, त्यातून आवाज येत नव्हता. ओठ जांभळट झाले होते. हातातला स्टीलचा चमचा, ज्याने त्यांनी पाणी हवं म्हणून कठडा वाजवला होता, फरशीवर पडला.

तिने त्यांना वर कसं घेतलं ते तिला कळलं नाही. हँडलला हात लावलाच नाही. दोन्ही काखांत हात घालून उचललं, स्वतः त्यांच्या पाठीमागे खाटेवर बसली आणि त्यांची पाठ आपल्या छातीला लावून धरली. त्यांच्या बरगड्या तिच्या बरगड्यांवर वरखाली होत होत्या, आधी वेड्यासारख्या, मग हळूहळू अंतर ठेवून. त्यांच्या बोटाला लावून ठेवलेल्या, ऑक्सिजन मोजायच्या यंत्रातले लाल आकडे खालून वर येत राहिले. ती त्यांच्या छातीवर गुंफलेल्या आपल्या हातांकडे बघत होती. हे आपले आहेत का?

बराच वेळ गेला. मग सोमाजींनी मान न वळवता, एकेका श्वासाला एक शब्द देत विचारलं, "कोनाले झोपवून राह्यली होती?"

शिवी दिली असती तर तिला उत्तर सुचलं असतं. या प्रश्नाला मात्र एकच उत्तर होतं, आणि ते तिने आजवर तोंडाने उच्चारलंच नव्हतं. त्या घरी ती म्हातारीला आजी म्हणायची, ब्यूरोत पेशंट म्हणायची. "भागीरथाबाईले," ती म्हणाली. नाव मोठं आणि परकं वाटलं. मग तिने त्यांना लोडाला नीट टेकवलं, पाणी पाजलं, चमचा धुऊन परत कठड्याला लावून ठेवला, आणि खाली बसून सांगितलं. सलग सांगता आलं नाही. अंगठीचं सांगितलं, मधेच पुट्टीचं, मधेच बरबटीच्या भाजीचं. जंगू आणि मोहाची फुलं यांचा याच्याशी काय संबंध आहे हे तिला माहीत नव्हतं, तरी तेही सांगितलं. सोमाजी डोळे मिटून होते. ऐकताहेत की थकून झोपलेत, कळत नव्हतं. शेवटी तिने विचारलं, की संध्याकाळी प्रफुलभाऊला सांगाल का. ते म्हणाले, "तू सांगतं का मी सांगू?" आणि खरंच झोपले.

मग तिला सगळी दुपार एकटीला मिळाली. सांगितलं तर प्रफुल ब्यूरोला फोन करणार. तक्रार आलेली बाई ब्यूरो पुन्हा कुठे पाठवत नाही, तिला गावी परत जावं लागणार. नाही सांगितलं तर उद्या पुन्हा दुपार होईल, पुन्हा चमचा वाजेल. उद्या तिचं लक्ष असेल, पण आजही ते होतं असंच तिला वाटलं होतं. आणि सांगायचं ते कुणासाठी? या म्हाताऱ्याचा जीव जाऊ नये म्हणून, की आपल्याला इथून कुणीतरी हाकलून द्यावं म्हणून? एका क्षणी तिला वाटे हे, दुसऱ्या क्षणी ते. तिने सोमाजींच्या छातीकडे बघत बसायचं ठरवलं. ती वर गेली की तिला बरं वाटे, खाली गेली की ती थांबून राही. याला काम म्हणतात की गुंतणं, हे प्लॅस्टिकच्या बाहुल्याला विचारायला हवं होतं. त्याची छाती हलत नसे.

प्रफुल आला तो भुवयांपर्यंत सिमेंटने राखाडी होऊन. तो अंगणातल्या नळावर तोंड धुवायला वाकला तेव्हाच ती बाहेर गेली आणि बोलून टाकलं. "भाऊ, आज माह्या हातून बाबाले सपाट झोपवल्या गेलं. दम कोंडला होता त्याहीचा. आता बरे हायेत." प्रफुलने तोंडावरचं पाणी निपटलं. आधी तो आत धावला, बापाला बघून परत बाहेर आला. त्याचा आवाज चढला नाही. दिवसभराच्या पाळीने तो आवाजच बसलेला होता. "पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना तुले," तो म्हणाला. "एकच गोष्ट सांगितली होती." मग थोडं थांबून, तिच्याकडे न बघता, म्हणाला, "न सांगतीस त बरं झालं असतं. आता मी काय करू? तुले ठेवू कसा, अन् काढू त उद्या पाळीवर जाऊ कसा?" त्याने खिशातून फोन काढला. ओल्या बोटांना स्क्रीन दाद देईना. तो बोट शर्टाला पुसून पुन्हा चंचल मॅडमचं नाव शोधू लागला. रीना उभी होती. तिला सुटल्यासारखं वाटत होतं.

आत कठड्यावर चमचा वाजला.

दोघेही गेले. सोमाजींनी मुलाच्या हातातल्या फोनकडे बोट केलं, तो ठेवून दे म्हणून. बोलायला त्यांना वेळ लागला. मशीनची बाटली बुडबुडत होती आणि दोघं वाट बघत उभे होते. "नवी आनशील," ते म्हणाले. श्वास घेतला. "थे बी कोनाले तरी संग घेऊनच येईन." पुन्हा श्वास. "हे निदान सांगते तरी, कोनाले घेऊन आली." प्रफुलला काही समजलं नाही. त्याने रीनाकडे पाहिलं, ती खाली बघत होती. सोमाजींनी डोळे मिटून थोडा दम जमवला आणि हुकूम सोडला, तो खाणीतल्या पाळीवर सोडत असतील तसा. उद्या हिने यायचं नाही. उद्या प्रफुलने घरी बसायचं, आपल्या बापाला धरून. परवा हिने यायचं. "काऊन? उद्या काय हाय?" प्रफुल म्हणाला. म्हाताऱ्याने उत्तर त्याला दिलं नाही. ते रीनाकडे बघत होते. "हिच्या गावात मानूस मेला का," ते म्हणाले, आणि पुढचा श्वास घेऊन, "कामाले जात नाई कोनी." एवढ्याने ते दमले. तरी त्यांना अजून काहीतरी बोलायचं होतं, त्यासाठी त्यांनी वाचवून ठेवलं होतं. तिने पिशवी उचलली, तेव्हा दारापर्यंत तिला जाऊ देऊन ते म्हणाले, "मी गेलो का मंग, पुढच्याले बसवून ठेवजो. झोपू नोको देऊ बिचाऱ्याले."

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ आला आणि गेला. रीनाने पाणी भरलं नाही. खोली झाडली नाही, चूल म्हणून जी शेगडी होती ती पेटवली नाही. शेजारच्या बाईने दारातून विचारलं, की तब्येत बरी नाही का. काय सांगावं कळेना, म्हणून ती म्हणाली, गावात एक जण गेलं. कोण गेलं, असं शेजारणीने विचारलं. "गावातली," ती म्हणाली. मग दिवस चढला. पत्रा तापला. तिला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. वासही आला नाही. नुसता तापलेल्या पत्र्याचा आणि आपल्याच अंगाचा. ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. काही न करणं हे एवढं अवघड असतं हे तिला माहीत नव्हतं. हात मधूनच उठत, कशाला तरी जायला निघत, आणि ती त्यांना परत मांडीवर आणून ठेवी.

दुपार झाली. ती वेळ अंगाला आपोआप कळत असे. आता वाजेल, असं वाटून ती ऐकत राहिली. काही वाजलं नाही. पण हात उठलेच. तिने यावेळी त्यांना अडवलं नाही, काय करतात ते बघत राहिली. त्यांनी चटईवरची उशी घेतली. घडी घातलेलं पांघरूण घेतलं. भिंतीशी पांघरूण उभं केलं, त्याच्यावर उशी टेकवली, वरून दाबून तिला पाठीएवढा खोलगटपणा दिला. रीना बघत होती. ती सोमाजींची पाठ होती. एका रात्रीत हात तिकडे निघून गेले होते, तिला न विचारता, आणि भागीरथाबाईंचा खांदा कसा धरायचा हे आठवायला गेली तर बोटं जरा वेळ तशीच हवेत राहिली.

मग तिने उशी भिंतीपासून काढली. चटईवर सपाट ठेवली. पांघरूण उलगडून, माणसाएवढं लांब करून, तिच्याशी जुळवलं. खांदा असेल तिथे एक हात, कमरेपाशी एक. घाई केली नाही, हिसका बसू दिला नाही. डाव्या कुशीवर वळवलं. ओढणीची गुंडाळी करून मध्ये, गुडघ्यांच्या जागी दिली. कडेची एक सुरकुती राहिली होती ती तळहाताने काढली. नाहीतर तिथे कातडीला वळ पडला असता.

आणि ती भिंतीला टेकून शेजारी बसली. डबा नव्हता. बाहेर कुणाचा तरी रेडिओ लागला, बंद झाला. ऊन दारातून आत आलं, चटईच्या कडेपर्यंत पोचलं, मग मागे सरत गेलं. ती उठली नाही. यावेळी मात्र ती झोपली नव्हती, जेवत नव्हती, आणि तिचे कान उघडे होते.

संध्याकाळचा नळ आला, तोही तिने जाऊ दिला.